साहस कोणाचं, जोखीम कोणाची? इंग्रजीचा वर्ग आणि आपली लेकरं

(सावित्रीमाई फुले जयंतीनिमित्त नागपूर येथे, वस्तीवर्ग आणि निवासी शाळांमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आज सावित्रीमाईंची जयंती आहे. १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह छापला गेला. त्यात इंग्रजी शिका असं सांगणारी कविता आहे. म्हणजे आपल्या माणसांनी इंग्रजी शिकावी की नाही, या प्रश्नाचं उत्तर आपल्या पहिल्या शिक्षिकेने तेव्हाच देऊन ठेवलंय. त्यावर मी आज वेळ घालवत नाही. इथे बसलेले आपण सगळे इंग्रजी शिकवणारे आहोत. कोणी नागपूरच्या वस्तीत संध्याकाळचा वर्ग घेतं, कोणी आदिलाबादकडच्या निवासी शाळेत आहे, कोणी बालाघाट, राजनांदगावहून आलंय. का शिकवायची हे आपल्याला ठाऊक आहे. कशी शिकवायची, यावर बोलायला आपण जमलोय.

मला विषय दिलाय तो असा: साहस आणि जोखीम या सूत्रांतून इंग्रजी शिकवणं. इंग्रजी शिकवण्याच्या पुस्तकांमध्ये हे सूत्र फार लाडकं आहे. निर्जन बेटावर अडकलात तर कोणत्या पाच वस्तू सोबत घ्याल? जंगलात वाट चुकलात तर काय कराल? डोंगर चढणाऱ्या, समुद्र ओलांडणाऱ्या माणसांच्या गोष्टी. आणि हे सूत्र कामाचंही आहे. पुढे काय झालं हे मुलांना कळून घ्यायचं असतं, त्यामुळे अवघड शब्द आला तरी मूल अडून बसत नाही. भूतकाळाची क्रियापदं, दिशा, अंतर, वस्तूंची नावं, 'जर-तर'ची वाक्यं, सगळं त्यात येऊन जातं. मी चौदा वर्षं इंग्रजी शिकवते आणि दर वर्षी हे सूत्र वापरते.

पण वापरण्याआधी दोन प्रश्न विचारून घ्यावे लागतात. साहस कोणाचं? आणि जोखीम कोणाची?

इंग्रजीतली एक फार गाजलेली साहसकथा घ्या. डॅनियल डिफोची 'रॉबिन्सन क्रूसो', १७१९ सालची. जहाज फुटतं, एक माणूस बेटावर एकटा उरतो आणि हिमतीने जगतो. मुलांना ती आवडते. पण हा क्रूसो निघाला कुठे होता? ब्राझीलमध्ये त्याचा मळा होता आणि तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणायला निघाला होता. पुढे त्याला बेटावर दुसरा माणूस भेटतो. तुझं नाव काय, हे क्रूसो त्याला विचारत नाही. त्या माणसाचा जीव वाचला तो वार शुक्रवार, म्हणून त्याचं नाव फ्रायडे ठेवून टाकतो. मग त्याला इंग्रजी शिकवायला बसतो. पहिल्या शब्दांमध्ये कोणता शब्द आहे? 'मास्टर'. म्हणजे मालक. हेच माझं नाव समज, असं तो त्याला सांगतो. त्यानंतर 'येस' आणि 'नो'.

म्हणजे एका साहसकथेतच इंग्रजीचा तास चाललाय, आणि त्या तासात साहस एकाचं आहे, 'येस' दुसऱ्याचं आहे. आपल्याला हे समजायला वेळ लागत नाही. गावाने ठेवलेली नावं घेऊन आपल्या कितीतरी पिढ्या जगल्या आहेत.

मी ही गोष्ट वर्गातून हद्दपार करत नाही. ती वाचून घेते, आणि मग मुलांना सांगते की आता फ्रायडे बोलतोय असं समजा आणि पाच वाक्यं लिहा. आठवीतल्या एका मुलीने पहिलंच वाक्य लिहिलं: 'माय नेम इज नॉट फ्रायडे.' सहा महिन्यांपूर्वी 'इज' कुठे लावायचं हे तिला कळत नव्हतं. सांगण्यासारखं काही हाती आलं की व्याकरण त्यामागे येतं, हे मी अशा वह्यांमधून शिकले.

आता जोखमीचा प्रश्न. भाषा शिकण्याच्या शास्त्रात 'रिस्क-टेकिंग' हा शब्द वारंवार येतो. जोन रुबिन या अभ्यासक बाईंनी १९७५ साली चांगला भाषा शिकणारा विद्यार्थी कसा असतो यावर लेख लिहिला. असा विद्यार्थी अंदाज बांधायला कचरत नाही, आणि बोलताना आपण वेडपट दिसलो तरी त्याची तयारी असते, असं त्यांनी मांडलं. पिट कॉर्डर यांनी त्याआधी, १९६७ साली, दाखवून दिलं होतं की चुका म्हणजे मूल नियम शोधत असल्याची खूण आहे. 'गो'चा भूतकाळ 'गोएड' असा करणाऱ्या मुलाला 'ईडी' लावायचा नियम सापडलेला असतो. ज्याच्या घरात इंग्रजीच बोलतात ते मूलसुद्धा लहानपणी ही चूक करतं. पुढे स्टीफन क्रॅशेन यांनी सांगितलं की मनात भीती असली तर कानावर पडणारी भाषा आत शिरत नाही.

हे सगळं मला मान्य आहे. चुकल्याशिवाय भाषा येत नाही. पण वेडपट दिसण्याची किंमत सगळ्यांना सारखीच पडते का? प्राध्यापकाचा मुलगा 'ही डोन्ट' म्हणाला तर ती एका मुलाची एक चूक असते. पुढच्या मिनिटाला ती विसरली जाते. आपलं लेकरू 'ही डोन्ट' म्हणालं की ती त्याच्या जातीची चूक होते. मागच्या बाकावरून कोणीतरी 'कोट्यातले' म्हणतं. महाविद्यालयात गेलेल्या आपल्या मुलांना विचारा, वर्गात ती तोंड का उघडत नाहीत. त्यांना उत्तर येत असतं. ते चुकलं तर काय काय चुकलेलं ठरेल, याचा हिशेब ती आधी करतात. आपण त्याला 'आत्मविश्वास कमी आहे' म्हणतो. मला ते बरोबर वाटत नाही. ते लेकरू हिशेबाला पक्कं आहे. जोखीम किती आणि हाती काय लागणार, हे त्याने अचूक जोखलेलं असतं.

आणि हा हिशेब ते इंग्रजीच्या तासाला शिकलेलं नसतं. मराठीच्या तासाला शिकलेलं असतं. 'आनि' म्हणालास, 'पानी' म्हणालास, 'ण' म्हणता येत नाही का तुला? किती पिढ्या आपण हे ऐकलंय. घरात आई जशी बोलते तसं बोललं की अशुद्ध. आईच्या तोंडून आलेली भाषाच अशुद्ध ठरली, तर परक्या भाषेत तोंड उघडायला ते मूल कोणत्या भरवशावर धजावेल? म्हणून मी पहिल्या आठवड्यात मुलांना एक आनंदाची बातमी देते. इंग्रजीत 'ण' नाहीच! मुलं हसतात. एकाने विचारलं, मग त्यांना पाणी कसं मिळतं? मी म्हटलं, वॉटर म्हणतात आणि पितात.

आता पहिल्या दिवसाकडे या. इंग्रजीचा पहिला धडा आपल्याकडे कोणता असतो? 'मायसेल्फ'. मग 'माय फादर', 'माय हाऊस', 'माय फॅमिली'. दहा ओळी लिहा आणि उभं राहून वाचा. पुस्तक लिहिणाऱ्याला वाटतं, यापेक्षा सोपा विषय कोणता? स्वतःचं नाव, बापाचं काम. पण आपल्या लेकरासाठी त्या दहा ओळींत सगळं आलं. आडनाव आलं, बापाचा धंदा आला, वस्ती आली. ज्या गोष्टी सांगायला मोठी माणसं भाड्याचं घर शोधताना दहादा विचार करतात, त्या आपण दहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी, सर्वांसमोर, न येणाऱ्या भाषेत सांगायला लावतो. आणि मग म्हणतो, मूल बुजरं आहे.

साहसाचं सूत्र मला आवडतं ते इथे. त्यात मुलाला आधी एक भूमिका मिळते. तू नकाशा वाचणारा, तू होडी चालवणारी, तू वैदू, तू स्वयंपाक सांभाळणारा. नदी आली आहे, पूल तुटला आहे, रात्र व्हायला एक तास आहे. बोला. इथे कोणी कोणाला आडनाव विचारत नाही. मूल त्या होडीवालीच्या तोंडून बोलतं, आणि चूक झाली तर ती होडीवालीची होते. दोन-तीन महिन्यांनी त्याच मुलाला स्वतःबद्दल बोलावंसं वाटलं तर ते बोलेल. नाही वाटलं तर नाही. पण ते त्याने ठरवायचं. आपण 'माय फादर'चा तास लावून ठरवायचं नाही.

इथे थांबलं तर मात्र साहसकथा म्हणजे नुसती करमणूक होईल. आपल्या वस्तीतल्या मुलांना धोका काय असतो हे शिकवावं लागत नाही. म्हणून मी 'ॲडव्हेंचर', 'रिस्क', 'डेंजर' हे शब्द फळ्यावर लिहिते आणि आपल्या आजूबाजूची कामं त्यांच्याखाली मांडायला सांगते. ट्रेकिंग करणं, पतंग काढायला गच्चीवर चढणं, बांधकामावर परातीवर परात चढवणं, गटारात उतरणं. मुलं भांडतात. भांडता भांडता त्यांना फरक सापडतो: ज्यात उतरायचं की नाही हे आपण ठरवतो ते एक, आणि ज्यात दुसरा उतरवतो ते वेगळं.

गंमत अशी की हा फरक इंग्रजी व्याकरणात आयता आहे. 'आय टुक अ रिस्क' म्हणजे मी जोखीम घेतली. 'आय वॉज पुट ॲट रिस्क' म्हणजे मला जोखमीत टाकलं. एक कर्तरी, एक कर्मणी. पाठ्यपुस्तक सांगतं की कर्मणी वाक्यात कर्ता गाळला तरी चालतो. आमच्या वर्गात चालत नाही. 'तीन कामगार गटारात गुदमरून मेले', अशी बातमी मुलं मराठीत आणतात. आम्ही ती इंग्रजीत करतो. 'दे वेअर सेंट डाउन.' मग मी विचारते, 'बाय हूम?' कोणी पाठवलं? ठेकेदाराने. ठेकेदाराला कोणी नेमलं? वाक्य लांबत जातं आणि 'बाय' लावायला मुलं शिकतात. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यायला सांगितलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. हे आकडे इंग्रजीत वाचता येणं, त्यावर अर्ज लिहिता येणं, हाही इंग्रजीचाच अभ्यासक्रम आहे. वर्गात कोणाचे वडील ते काम करतात, हे मी कधीही विचारत नाही. वाक्य बातमीतल्या माणसाबद्दल असतं. कोणाला घरचं सांगायचं असेल तर ते वहीत लिहितं, आणि ती वही फक्त मी वाचते.

आता मी तुम्हाला साहसाच्या एका प्रवासाचा इंग्रजी मजकूर सुचवते. तुमच्या घरात तो असेलच. बाबासाहेबांचा 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. बाबासाहेबांनी तो स्वतः इंग्रजीत लिहिला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली तो पुस्तिकेच्या रूपात काढला आणि पुढे इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडात तो आला. त्याची भाषा सोपी आहे. आठवी-नववीच्या मुलाला शिक्षकाच्या मदतीने वाचता येते.

पहिला प्रसंग १९०१ सालचा. नऊ वर्षांचा भीमराव, भाऊ आणि घरातली लेकरं साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघतात. नवे कपडे आहेत, आगगाडीचा प्रवास आहे. मुलांच्या दृष्टीने हे मोठं साहसच. मसूर स्टेशनवर उतरतात तर घ्यायला कोणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी प्रेमाने चौकशी करतो, आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाला कोणी न्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडं ठरतं. त्यातही गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान पायी चालणार. जवळ खायला आहे पण प्यायला पाणी नाही. रात्री टोलनाक्यावर पोहोचतात.

तिथे काय होतं ते बघा. टोलवाला हिंदू आहे, तो आपल्याला पाणी देणार नाही. म्हणून गाडीवानाच्या सल्ल्याने भीमराव आपण मुसलमान आहोत असं सांगतो आणि टोलवाल्याशी उर्दूत बोलतो. त्याला उर्दू चांगली येत होती. तरीही पाणी मिळत नाही. मुलं उपाशीपोटी झोपतात.

हा प्रसंग मी चार तास पुरवून शिकवते. आधी नकाशा काढायचा. मग मुलांकडे काय काय सामान होतं त्याची यादी. मग प्रत्येक वळणावर थांबून 'नाऊ व्हॉट?' पुढे काय होईल, अंदाज करा. मग या मुलांनी किती निर्णय घेतले ते मोजायचं: खरं सांगणं, दुप्पट भाडं कबूल करणं, गाडी हाकणं, ओळख लपवणं. मग 'जर-तर'. टोलवाल्याने पाणी दिलं असतं तर? गाडीवानाने वेगळं ठरवलं असतं तर? शेवटचा प्रश्न असा: या गोष्टीत माणसासारखं वागायची संधी कोणाकोणाला होती आणि त्यांनी तिचं काय केलं? हा प्रश्न सवर्ण मुलांनाही सोडवावा लागतो. एरवी जातीचा धडा आला की सगळा वर्ग मान वळवून आपल्या लेकराकडे बघतो. इथे बघायचं असतं ते स्टेशनमास्तरकडे आणि टोलवाल्याकडे. तुझ्याबाबतीत असं झालंय का, हे मात्र कोणत्याही मुलाला विचारू नका. आपलं मूल धड्याचं उदाहरण म्हणून वर्गात बसलेलं नसतं.

आदिलाबादहून आलेल्या बाईंनी सकाळी सांगितलं की त्यांच्या मुलांच्या घरात मराठी, बाजारात तेलुगू, मित्रांत उर्दू किंवा गोंडी, आणि शाळेत इंग्रजी. त्यांना ही अडचण वाटत होती. त्या रात्रीचा भीमराव आठवा. नऊ वर्षांचं मूल कोणत्या वेळी कोणती भाषा वापरायची हे जाणतं. आपल्या लेकरांकडे ही जाण आहे. चार भाषांत जगणाऱ्या मुलाला पाचवी शिकणं कठीण नसतं. इंग्रजीचा शब्द अडला तर ते मराठीत, गोंडीत म्हणू द्या, आणि मग आपण सगळे मिळून इंग्रजी शब्द शोधू. मातृभाषेच्या आधाराने इंग्रजीत चढता येतं.

आणि आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्या. त्या रात्री नऊ वर्षांच्या भीमरावाला एका भाषेआड आपली ओळख लपवावी लागली. पुढे मोठेपणी त्याच बाबासाहेबांनी दुसऱ्या एका भाषेत, इंग्रजीत, त्या रात्रीची सगळी हकीकत उघड लिहिली. फ्रायडेला शिकवलेली इंग्रजी 'मास्टर' म्हणण्यासाठी होती. बाबासाहेबांची इंग्रजी मालकाचा हिशेब मांडण्यासाठी आहे. आपण यातली कोणती शिकवतोय, हे रोज तास संपल्यावर स्वतःला विचारावं.

आता एव्हरेस्ट. साहस म्हटलं की एव्हरेस्ट येणारच. २५ मे २०१४ रोजी मालावत पूर्णा ही तेरा वर्षं अकरा महिन्यांची मुलगी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. एवढ्या लहान वयात तिथे पोहोचलेली ती पहिली मुलगी. निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची, आदिवासी शेतमजूर कुटुंबातली. तिच्या सोबत खम्मम जिल्ह्यातला साधनापल्ली आनंद कुमार हा दलित मुलगा होता. दोघंही सरकारी समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. चार वर्षांनी, मे २०१८ मध्ये, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी आदिवासी विकास विभागाच्या मोहिमेतून एव्हरेस्टवर पोहोचले.

अशा बातम्यांचे मथळे ठरलेले असतात: 'गरिबीवर मात', 'जिद्दीची कहाणी'. जिद्द तर होतीच. पण मी मुलांना विचारते, पूर्णाच्या आधी आपल्या वस्त्यांमध्ये जिद्दी मुली नव्हत्या का? मग आधी का कोणी चढलं नाही? आता तिच्या वाटेची यादी करू. निवासी शाळा, दोन वेळचं जेवण, इंग्रजी माध्यम. भोंगीरच्या खडकावर चढाईचं शिक्षण, मग दार्जिलिंग, मग लडाखची थंडी. प्रशिक्षक, दोर, बूट, प्राणवायू, आणि या सगळ्याचा खर्च. त्या शाळांच्या संस्थेचे तेव्हाचे सचिव आर. एस. प्रवीण कुमार यांच्यासारखा, ही मुलं हे करू शकतात असं मानणारा अधिकारी. एवढं मिळालं तेव्हा त्या मुलीची जिद्द माथ्यावर पोहोचली. तो दोर सार्वजनिक पैशाचा होता. तो मागणं हा आपला हक्क आहे.

त्याच हंगामातली दुसरी घटनाही मी वाचायला देते. १८ एप्रिल २०१४ रोजी डोंगराच्या नेपाळकडच्या बाजूला, खुंबू आइसफॉलमध्ये बर्फाचा कडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार मेले. त्यांतले बहुतेक शेर्पा. दुसऱ्यांच्या मोहिमांसाठी ते वाट तयार करत होते, सामान वाहत होते. डोंगर तोच, महिनाही जवळचाच. एकाचं साहस आणि दुसऱ्याची मजुरी. मग मुलं प्रश्न तयार करतात: 'हू क्लाइम्ब्ड?' 'हू कॅरिड द लोड?' 'हू फिक्स्ड द रोप?' प्रश्नार्थक वाक्यांचा याहून चांगला सराव मला माहीत नाही.

मित्रहो, डोंगरावर साहस शक्य होतं, कारण खाली दोर धरणारं कोणीतरी असतं. पडलो तर लटकू, मरणार नाही, एवढी खात्री असली की माणूस अवघड जागी हात घालतो. वर्गातही तेच आहे. मुलांना 'घाबरू नका, बोला' असं सांगणं म्हणजे दोर न बांधता कड्यावर ढकलणं. तो दोर आपण बांधायचा. मी काय करते ते सांगते, तुम्ही यात भर घाला.

हजेरी पहिल्या नावाने घेते. कोणतंही वाक्य आधी जोडीत, मग चौघांत, आणि मगच वर्गासमोर. मूल बोलत असताना मध्येच चूक दुरुस्त करत नाही. ते बोलून झालं की तेच वाक्य बरोबर करून संभाषणात परत म्हणते. दिवसभरातल्या चांगल्या चुका संध्याकाळी फळ्यावर लिहितो, कोणाच्या ते न लिहिता, आणि त्यामागचा नियम शोधतो. चुकीवर हसायला बंदी नाही, पण माणसावर हसला की खेळ तिथेच थांबतो आणि त्यावर बोलणं होतं. कोणालाही 'पास' म्हणायचा हक्क आहे. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा संधी मिळते. परीक्षेत अचूकतेला गुण असतातच, पण प्रयत्नालाही थोडे गुण ठेवते, म्हणजे गप्प बसण्यापेक्षा चुकणं फायद्याचं ठरतं. मुलांचा हिशेब पक्का असतो, हे मी मघाशी म्हटलं. आपण तो हिशेब त्यांच्या बाजूने वळवायचा.

बाहेरचा दोरही बघावा लागेल. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, मातृभाषेतून शिकवावं. आंध्र प्रदेशात सरकारी शाळा इंग्रजी माध्यमाच्या करण्याचा आदेश निघाला, तो एप्रिल २०२० मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. मातृभाषेला माझा विरोध नाही, तिच्या आधारानेच मी शिकवते. पण कांचा इलैया वर्षानुवर्षं जो प्रश्न विचारतात तो खरा आहे: मातृभाषेचा गौरव सांगणाऱ्यांची स्वतःची मुलं कोणत्या शाळेत जातात? आपल्या मुलांनी मातृभाषा सांभाळायची आणि त्यांच्या मुलांनी इंग्रजी, ही वाटणी आपल्याला ओळखीची आहे.

उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यात बांका गावी २०१० साली चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीच्या मंदिराचं काम सुरू झालं. हातात पेन घेऊन संगणकावर उभी असलेली देवी. त्यामागची तळमळ मी समजू शकते. पण आपण बुद्धाच्या वाटेने जाणारी माणसं आहोत. हात जोडून भाषा येत नाही. तोंड उघडावं लागतं, चुकावं लागतं आणि पुन्हा उघडावं लागतं. ते सोसता येईल असा वर्ग मुलांना मिळायला हवा.

सावित्रीमाई शाळेत निघाल्या की वाटेत शेण आणि दगड यायचे. सोबत त्या दुसरं लुगडं ठेवायच्या, शाळेत जाऊन बदलायच्या आणि शिकवायला उभ्या राहायच्या. रस्त्यावरची जोखीम बाईंनी स्वतःच्या अंगावर घेतली, म्हणून वर्गात मुली निर्धास्त बसल्या. त्याच शाळेतून आलेल्या मुक्ता साळवेने चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. चौदा वर्षांच्या मातंग मुलीने धर्माला जाब विचारण्याएवढी मोठी जोखीम घेतली. तिच्या पाठीशी तिची बाई होती.

उद्या सोमवार आहे. पहिल्या तासाला 'माय फादर' शिकवायचं असेल, तर तो धडा थोडा पुढे ढकला. फळ्यावर एक नदी काढा, पूल मोडलेला दाखवा, आणि मुलांना विचारा, आता काय करायचं?

जय भीम. जय सावित्री.